चहाचा थेंबही नाही

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलणारा माणूस. पण घरात नाकासमोर ठेवलेली किल्ली सापडत नाही. तर ह्यांच्या छातीत धडधड सुरू झाली, बोटं जराशी थरथरू लागली आणि डॉक्टरांनी चहा बंद केला. दिवसाला आठ कप रिचवणारे हे, तीन दिवस तोंड पाडून बसले.

चौथ्या दिवशी वन्सं आल्या. माझी ही मोठी नणंद म्हणजे चालतंबोलतं औषधालय; स्वतःला शिंक आली की मात्र आधी डॉक्टर गाठतात. पिशवीतून त्यांनी एक हिरवं पाकीट काढलं. कुठल्याशा दूरदेशीच्या झाडाचा वाळवलेला पाला. वजन उतरतं, स्मरणशक्ती वाढते, साखर ताब्यात राहते, थकवा तर औषधालाही उरत नाही.

"यात चहापत्तीचा कणसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "वनस्पती आहे. वनस्पतीने कधी कुणाचं वाईट केलंय?"

धोत्राही वनस्पतीच, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

ह्यांना तर पडत्या फळाची आज्ञा. रोज थर्मास भरून दुकानात जाऊ लागला. आणि खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस गुण दिसला. दुपारची पेंग गेली, वर्षभर कोपऱ्यात पडलेलं लंबकाचं घड्याळ ह्यांनी एका बैठकीत चालू केलं. हे हसतायत याचाच मला केवढा आनंद. वन्संनी कपाला एक चमचा सांगितला होता, मी दोन घालू लागले. दुप्पट गुण येईल, दुसरं काय.

मग ह्यांची झोप उडाली. छाती पुन्हा धडधडू लागली. एक दिवस चिमट्यातून स्क्रू उडाला, तो ह्यांनी रांगत रांगत शोधला, आणि उचलला तर पुन्हा उडाला. डॉक्टरांनी विचारलं, चहा? थेंबही नाही. कॉफी? नाव नको. हे छातीवर हात ठेवून सांगत होते आणि मी शेजारी बसून साक्ष देत होते. डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. कंपवात असू शकेल, म्हणाले.

त्या संध्याकाळी ह्यांनी दुकानातली हत्यारं घरी आणली. टेबलावर फडकं पसरून एकेक पुसत बसले.

"हातच गेले तर मी कोण गं?" त्यांनी विचारलं.

मला जे जमत होतं ते मी केलं. त्याच पाल्याचा काढा ठेवला. तीन चमचे घालून.

पाणी उकळेपर्यंत मी पाकीट उलटसुलट करत होते. पुढे ठसठशीत अक्षरांत फायदे, मागे तळाशी बारीक अक्षरांची मुंग्यांसारखी रांग. टेबलावरचं भिंग उचलून डोळ्याला लावलं. 'कॅफीनयुक्त. दिवसाला दोन कपांहून अधिक घेऊ नये. धडधड, कापरे किंवा निद्रानाश असल्यास टाळावे.' आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळातली धूळ शोधणाऱ्या माणसाच्या घरात हे पाकीट दीड महिना उघडं पडलं होतं. मी गॅस बंद केला आणि भिंग ह्यांच्या हातात दिलं.

डॉक्टर आधी चिडले, मग हसले. पाला काही वाईट नव्हता म्हणे. धडधाकट माणसाने सकाळी हलका एखादा कप घेतला तर तरतरीच येते. आम्ही मात्र चहाला दारातून हाकललं होतं आणि खिडकीतून आत घेतलं होतं. हळूहळू कमी करत बंद करा, चिठ्ठीचं पंधरा दिवसांनी बघू, असं त्यांनी सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्यांनीच ती चिठ्ठी फाडली. त्याच रविवारी वन्सं आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आल्या. ह्यांनी ते उघडलं, चिमट्यात स्प्रिंग धरली. बोट तसूभर हललं नाही. माझे डोळे भरून आले.

वन्संनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघितलंस? पाल्याचा गुण जरा सावकाश येतो. पण येतो."

भिंग, पाकीट, मुंग्यांची रांग, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बोलले असते तर वन्संनी पहिला प्रश्न हाच केला असता, किती चमचे घालत होतीस. ते मी ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही.