डावा गाल

चैत्राच्या उन्हाला त्या दुपारी आवाज नव्हता. केळीची पाने निपचित, पानवेली निपचित, वाडीतल्या गोड्या तळ्याच्या हिरव्या पाण्यावर झुकलेला सोनचाफाही निपचित. समुद्र तेवढा दूर बांधापलीकडे श्वास घेत होता. गुड फ्रायडेची ती दुपार. घंटा कालपासून मुक्या होत्या, आणि लाकडी खटखट्याचा कोरडा आवाज वाडीवाडीतून लोकांना देवळाकडे बोलावत होता.

लोक निघाले. म्हाताऱ्यांची धुतलेली लुगडी, मुलींचे साधे झगे, हातांत जपमाळा, ओठांवर मौन. आणि सगळ्यांच्या मागून, कुंपणाच्या सावलीसावलीने, रुफीना डाबरे निघाली.

रुफीना मागून निघे, मागेच बसे; शेवटच्या बाकावर, डाव्या भिंतीला अगदी खेटून. कारण तिचा डावा गाल. लग्न आठवड्यावर आले असताना घरात फुगे, मैद्याचे गोड गोळे, तळायला घेतले होते. कढई कलंडली, आणि उकळत्या तेलाने कानशिलापासून हनुवटीपर्यंतचे तारुण्य एका क्षणात करपवून टाकले. मुलाकडची माणसे भेटायला आली, बसली, आणि तिचा चेहरा बघून चहा न घेता उठली. त्या दिवशी आरशावर टॉवेल पडला तो पडलाच. गाल भिंतीकडे, उजवी बाजू जगाकडे, असे जगायला ती शिकली. आणि गाव दयाळू, फार दयाळू. भिंतीकडची जागा तिच्यासाठी रिकामी ठेवायला तेही शिकले.

देवाच्या प्रेमाविषयी तिची तक्रार नव्हती. देव सगळ्यांवर प्रेम करतो हे तिला पाठ होते. रस्त्यावरचा दिवा सगळ्यांवरच पडतो, तसे. पण खालून कोण गेले, ते दिव्याला ठाऊक नसते. आपला चेहरा पाहून, आपले नाव घेऊन कुणी प्रेम करावे, ही मागणी तिने कधीच मागे घेतली होती. देवाकडूनसुद्धा.

गुड फ्रायडेला क्रूसाचे चुंबन घेतात. वेदीपुढे लाकडी ख्रिस्ताचा पुरुषभर उंचीचा क्रूस उभा धरतात. माणूस गुडघे टेकतो, खिळे ठोकलेल्या पावलांना ओठ लावतो, शेजारी उभा असलेला पास्कूकाका पांढऱ्या रुमालाने ती पावले पुसतो, मग पुढचा येतो. रुफीना सर्वांत शेवटी जाई. आपल्या ओठांनंतर कुणाला ओठ टेकवावे लागू नयेत म्हणून. पास्कूकाका देवळाची देखभाल करणारा, मुंगीलाही न दुखवणारा माणूस. सगळ्यांसाठी तो एकदा पुसायचा. रुफीनानंतर मात्र, मागे कुणीही नसताना, रुमाल बदलून दोनदा. आपला हात काय करतो हे त्याला कळतही नसे. तिला कळे.

ख्रिस्ताच्या मुखाकडे तिने आजवर मान वर करून पाहिले नव्हते. पावले तेवढी आपल्या वाट्याची, असे तिने धरून ठेवले होते.

वेदीपुढे क्रूस उभा होता, उपवासकाळाच्या अखेरीच्या रिवाजाप्रमाणे जांभळ्या वस्त्रात नखशिखान्त झाकलेला. फादर एलायस पुढे झाले. आधी मस्तकावरचे वस्त्र सोडायचे आणि गायचे, मग एक बाहू, मग सारे शरीर. पिढ्यान् पिढ्यांचा तो क्रम. फादरांनी वरची गाठ सोडली. जांभळे रेशीम घसरले.

आणि गाणे फुटलेच नाही.

ख्रिस्ताचा डावा गाल जळला होता. कानशिलापासून हनुवटीपर्यंत रंग उकलला होता, लाकूड कोळसा होऊन फाटले होते, आणि त्या काळ्या भेगांच्या वर एक शांत, अर्धोन्मीलित डोळा तसाच होता. मुखाची उजवी बाजू गोरी, गुळगुळीत, नेहमीची. डावी बाजू काळी.

सारे देऊळ हादरले. कुणाच्या हातून जपमाळ पडली, तिचे मणी फरशीवर किती वेळ घरंगळत राहिले. बायकांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. पास्कूकाका पुढे आला. त्याने आपले दोन्ही तळवे उलगडून दाखवले. त्यांवर फोड होते.

"फादर, माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "मेणबत्ती कलंडली, कापडानं पेट घेतला. हातांनीच विझवलं. नवं कापड घातलं, पण आत बघायचा धीर झाला नाही मला."

पुढच्या बाकावरून आगाथामावशी उठली. गावातली सर्वांत वडील बाई. तिचा शब्द फादरही खाली पडू देत नसत. तिचा आवाज रागाचा नव्हता, भ्यालेला होता. "असल्या तोंडाचं चुंबन कोण घेईल, फादर? बघवत नाही हो. आतला पितळी क्रूस आणा, आणि ह्याला तोंड भिंतीकडे करून ठेवा कुठंतरी."

ते शब्द शेवटच्या बाकापर्यंत, रुफीनापर्यंत पोचले. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिच्याविषयी ते कुणी मोठ्याने उच्चारले नव्हते, इतकाच फरक.

तिने मान वर केली. आयुष्यात प्रथमच तिने त्या मुखाकडे पाहिले, आणि कुणीतरी आपल्याच आरशावरचा टॉवेल भर देवळात ओढून काढावा तशी ती दचकली. तोच गाल. तीच रेघ, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. ती भिंतीला खेटून बसली होती, आणि तो जांभळ्या वस्त्राआड तिचाच चेहरा घेऊन उभा होता; मुकाट्याने, कुणाला न सांगता. तिला आनंद झाला नाही. तिला भीती वाटली, मग राग आला, आणि मग रडू. इतकी वर्षे ती पायांशीच थांबली होती.

फादर एलायस घुटमळले. त्यांनी पास्कूकाकाला खूण केली, आणि तो पितळी क्रूस आणायला वळला. आता त्या मुखाला उचलतील, आत नेतील, भिंतीकडे फिरवतील. रुफीनाला ठाऊक होते, एकदा फिरवलेले तोंड पुन्हा कुणी इकडे करत नाही.

ती उठली.

सगळ्यांत शेवटी जाणारी रुफीना सगळ्यांच्या आधी निघाली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, तो तिने सावरला नाही. उन्हाचे तिरपे पट्टे खिडक्यांतून आत आले होते, त्यांतून ती चालत गेली. उजेडात, सावलीत, पुन्हा उजेडात. आणि दोन्हीकडच्या बाकांनी तिचा गाल पाहिला.

"पास्कूकाका, तो पितळी राहू द्या," ती म्हणाली. "हाच माझा."

ती गुडघ्यांवर बसली नाही. टाचा उंचावून तिने आपला डावा गाल त्या जळक्या गालाला लावला. करपलेले कातडे, करपलेले लाकूड. तिने डोळे मिटले, आणि तिला उमगले की हा दिवा नव्हे. ह्याने तिला पाहिले होते. कढई कलंडली त्या सकाळी पाहिले होते, चहा गार झाला त्या संध्याकाळी पाहिले होते, आणि पाहून तो उठून गेला नव्हता.

ती मागे सरली तेव्हा तिच्या गालावर काजळी होती. सवयीने पास्कूकाकाचा हात रुमालासह वर आला. वर आला आणि तिथेच थांबला. म्हाताऱ्याने रुमालाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा पडला. बहुधा आपला हात इतकी वर्षे काय करत होता, ते त्याला त्या क्षणी कळले. त्याने हात खाली घेतला.

 मग काठीचा आवाज आला. आगाथामावशी येत होती, एकेक पाऊल, कापत. रुफीनाचा गाल जिथे टेकला होता, तिथेच, न पुसलेल्या त्या काळ्या गालावर तिने आपले ओठ टेकवले.   मग फादर आले, आणि मग सारे गाव, म्हातारे, तरणे, कडेवरची पोरे.

उन्हे कलली तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर एकच काजळी होती, आणि पास्कूकाकाच्या हातातला पांढरा रुमाल कोरा होता.

रुफीना आपल्या शेवटच्या बाकाकडे परतली. भिंतीकडची जागा तशीच रिकामी होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, वाटेच्या कडेला. डाव्या भिंतीतले दार उघडे होते. बांधापलीकडून, केळीच्या पानांवरून, सोनचाफ्यावरून समुद्राचा वारा आत आला. खारा, गार, हळुवार वारा. आणि प्रथमच त्या देवळात तो तिच्या डाव्या गालाला लागला.