घराकडे तोंड करून

"नजीरभाई, एवढं वेल्डिंग मारून राह्यला, पन घाटात टिकंल ना हे?"

गोविंदानं असं विचारलं आणि पाणी घेऊन आलेली जयमाला तिथंच थबकली. इतके दिवस हा प्रश्न तिच्या एकटीच्याच मनात होता. नवऱ्यालाही तो पडलाय म्हटल्यावर तिचा उरलासुरला धीर सुटला.

नजीरनं काळा चष्मा कपाळावर सारला. "भागवतच्या बांधावर सडत पडली व्हती ही ट्रॉली. पत्रा म्या नवा टाकला, दांडीले पट्टी मारली, टायरं तू बदलली. नेईल गाडी. पन पिनीले खालून कॉटर टाकजो, म्हंजे वर निंगनार नाई. तार नको बांधू, भाऊ. तारेचा भरोसा नाई."

"टाकतो ना बे."

टाकतो म्हणणारा गोविंदा शेवटी तारच बांधणार, हे जयमालेला लग्नापासून ठाऊक होतं. घरातला पंखा तारेवर होता, गोठ्याचं दार तारेवर होतं, आणि आता ट्रॅक्टर नि ट्रॉली यांच्यामधली ती एवढीशी पिनही तारेवरच जाणार होती.

गोविंदाची जुनी पांढरी कार इंजीन बसल्यामुळे अंगणात उभी होती. लग्नाची, दवाखान्याची भाडी मारून ती घर चालवायची. बुलढाण्याच्या मेकॅनिकनं सांगितलं, इथं आणा, मग पाहू. धामणगाव बढ्याहून बुलढाणा काही लांब नाही, पण मध्ये राजूर घाट आहे. म्हणून ही दोन चाकांची ट्रॉली दुरुस्त केली होती. तिच्यावर कार चढवायची आणि ट्रॅक्टरनं ओढत न्यायची.

चैत्राचं ऊन तापलं होतं. शेतातली काळी माती पाऊल जाईल एवढी भेगाळली होती. चार माणसांनी फळ्या लावून कार अर्धी चढवली, तोच गोविंदाची आई झुंबरबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली.

"थांबा रे! घराकडं पाठ करून नेता काय तिले? पाठ करून गेलेली वस्तू वापस येत नाई. माह्या बापानं म्हैस तशीच नेली व्हती बाजारात. आली काय?"

"मावशी, म्हैस तं इकालेच नेली व्हती ना," नजीर म्हणाला.

"तू वेल्डिंग कर रे बाप्पा."

म्हातारीपुढे कोणाचं चालत नाही. कार उतरवली, फिरवली आणि घराकडे तोंड करून पुन्हा चढवली. म्हणजे इंजीन आलं ट्रॉलीच्या शेपटाकडे.

जयमाला ट्रॉलीच्या दांडीकडे बघत राहिली. तिच्या बापाची कापसाची बैलगाडी होती. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, दांड्या वर उठतात नि बैल मानेनं लटकतात, हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि सासूकडे बघून मिटलं. घाटाचंही भ्याव होतं आणि सासूचंही. सासू जवळ होती, घाट लांब होता.

वर आणखी कहर असा, की चाकाला दगड लावायला नेहमी येणारा गोपाल हळदीला गेला होता.

"जयमाले, तू चाल," गोविंदा म्हणाला. "घाटात थांबलो तं खाली उतरून चाकामागं दगड लावजो. बस."

ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली. मांडीवर दगड घेतला आणि वाटेतलं मोताळा येईपर्यंत देवाचं नाव घेत राहिली. घाट लागला तशी देवाचं नावही विसरली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि तिचे डोळे मात्र पिनीवर. चढावर ट्रॉलीची दांडी वर ओढ घेत होती. प्रत्येक हिसक्याला पिन जरा वर सरकायची आणि तार ताणली जायची.

टण्णकन आवाज झाला. तार तुटली.

"आहो! थांबवा!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू जाईना. तिनं त्याच्या पाठीत बुक्की हाणली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"काऊन मारून राह्यली वं?"

"पिन निंगून राह्यली! थांबवा म्हन्लं ना!"

त्यानं ब्रेक दाबला. जयमालेनं उडी टाकली आणि दगड ट्रॉलीच्या चाकामागे कोंबला. दुसरा कठड्यापाशी सापडला, तोही कोंबला. वळून पाहते तर गोविंदा पिन ठोकायला दांडीवर वाकलेला.

"मांगं सरा! उलाळ हाय ते, मांगं सरा!"

असा आवाज तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. गोविंदा दचकून मागे झाला, पिन उडाली आणि दांडी खाडकन वर आकाशाकडे गेली. त्याचं तोंड होतं तिथूनच गेली. ट्रॉलीचं शेपूट रस्त्यावर आपटलं, कार दोरखंडात करकरली. दगडांनी चाकं धरून ठेवली.

गोविंदा रस्त्यावरच बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जयमाला त्याच्याजवळ जाऊन रडली, मोठ्यानं, लाज न धरता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबल्या तरी रडतच होती.

दांडी वाकली होती, पुढे जाणं शक्य नव्हतं. फोन केल्यावर नजीर माणसं नि जीप घेऊन आला, गोविंदाला चार शिव्या हासडल्या आणि कार दोरावर बांधून हळूहळू घाट उतरवून घरी आणली.

झुंबरबाई दारातच उभी होती. कारवरून भाकरतुकडा ओवाळून तिनं लांब फेकला.

"पाह्य, म्या म्हनलं व्हतं का नाई? घराकडं तोंड व्हतं, म्हनून आली वापस."

गोविंदा खाली मान घालून उभा. नजीरनं तोंड फिरवलं. जयमालेनं घाटातून परत आणलेला आपला दगड जीपमधून काढला आणि सासूच्या पायांपाशी उंबऱ्यावर ठेवला.

"आत्याबाई, दांडी सरळ झाली का गाडी पुन्हा जाईन. तवा तिचं तोंड घाटाकडं राहीन. नाई तं मडगार्डवर हा दगड घेऊन तुमी बसजा."

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं, मग लेकाच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे. खाली वाकून तिनं दगड दोन्ही हातांनी उचलायला पाहिलं. तो उचलला गेला नाही.

"पाठ करूनच जाऊ द्या मंग," ती म्हणाली. "पन नजीर, ते कॉटर का फॉटर, थे तू सोताच्या हातानं टाकजो रे बाप्पा."