इर्जिकीला गेलेले पुस्तक

मी एक जुने, मधली पाने नसलेले पुस्तक आहे. मित्रांनो, माझ्या पोटात जे घडले तेच माझ्या गोष्टीतही घडेल. ती एका ठिकाणी तुटेल. तेवढे सांभाळून घ्या.

माझे नाव 'मावळातले भात'. शेतकी खात्यातल्या एका माणसाने नोकरीभर मावळ पायी तुडवला, आंबेमोहोर, कोळपी, तामसाळ अशा भाताच्या जाती शेतकऱ्यांकडून समजून घेतल्या आणि निवृत्त झाल्यावर पदरमोड करून मला छापले. प्रती थोड्याच निघाल्या. त्यांतली मी एक; पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. तिथे मला पक्की बांधणी मिळाली, पाठीवर क्रमांक मिळाला. मुले मला टेबलावर घेऊन बसत. कुणी माझ्यावर डोके टेकून झोपतही असे. मला ते आवडे. एकदा परीक्षेच्या तोंडावर एकाने मला कोपऱ्यातल्या टेबलावर नेले, इकडेतिकडे पाहिले, खिशातून ब्लेड काढले आणि

(येथील पाने नाहीत.)

त्यानंतर मला फारसे कुणी मागितले नाही.

अलीकडे ग्रंथालय वाढू लागले. वाढू लागले म्हणजे नुसती नवी कपाटे आली नाहीत. जुन्या पुस्तकांचे पान न् पान यंत्राने टिपायचे, म्हणजे दूरगावच्या वाचकालाही ते फोनवर वाचता येईल, अशी सोय झाली. इतर ग्रंथालयांशी देवघेव ठरली. पण पुस्तक पूर्ण हवे. अपुरी पुस्तके संग्रहातून काढायची. माझ्या अंगावर लाल चिठ्ठी आली आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथून रद्दीवाल्याचा टेम्पो दिसतो.

तिथेच मला सारिकाने उचलले. ती मावळातल्याच पवनानगरची, भातावर प्रबंध लिहिणारी. तिने मला भराभर चाळले.

"अगं आई! नेमकं बियाण्याचंच प्रकरण नाही!"

ग्रंथपाल राजेश्वरी मॅडमनी सगळ्या ग्रंथालयांना विचारून पाहिले. माझी दुसरी प्रत कुठेच नव्हती. "महिनाअखेरपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "पुढे मात्र याला ठेवता येणार नाही."

सारिकाने माझ्या आतल्या पानांचे फोटो मावळातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर टाकला. शेवटी कुरवंड्याहून निरोप आला: हे पुस्तक इथल्या भिमाजी आबांकडे आहे. मॅडमनी लगेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आबा, तुमचं पुस्तक आम्हाला द्या. काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव लिहू."

"काचंत ठिवाया त्ये काय मेलंय व्हय, बाई? रोज वाचतो मी."

"मग थोडेच दिवस..."

"आमचा कोयता बी थोडंच दिस म्हनून नेलाय शेजाऱ्यानं. त्येची पोरं लगनाला आली. न्हाई जमायचं."

सारिका फोनकडे वाकली. "आबा, मी पवनानगरची. पुस्तक हलवू नका. आमीच येतो मशीन घिऊन. इर्जिक समजा."

मित्रांनो, इर्जिक म्हणजे एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचे आणि नांगरट उरकून द्यायची. मजुरी नाही. ज्याचे शेत त्याने जेवू घालायचे, आणि पुढे इतरांच्या शेतावर आपले बैल न्यायचे.

पलीकडे आबा हसले. "मंग तुमचा बैल कुटंय? रिकाम्या हातानं इर्जिकीला कोन येतं गं?"

सारिकाने माझ्याकडे पाहिले. "हाय की, आबा. जरा मोडका हाय. पन आनते."

असे मी बैल झाले! मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर मला पिशवीत घातले.

कुरवंड्याला आबांच्या पडवीत मी माझे भावंड पाहिले. कव्हर नाही, कडा बोटांनी काळ्या पडलेल्या. सारिकाने ते चाळले. बियाण्याचे प्रकरण अख्खे होते! फक्त सुरुवातीची पाने नव्हती.

"बाजारात असंच गावलं, बिनमुंडक्याचं," आबा म्हणाले. "फुडचं सगळं पाठ हाय. सुरवात कवा बघितलीच न्हाई."

यंत्र सुरू झाले. माझी पाने, त्याची पाने. मध्येच जेवणे झाली. आबांची सून चंपा मॅडमना म्हणाली, "घ्या की अजून भात. इर्जिकीला लाजत नसत्यात." ऊन उतरेपर्यंत आम्हा दोघांचे मिळून एक अख्खे पुस्तक तयार झाले. मॅडमनी माझी लाल चिठ्ठी काढली आणि चुरगळून पर्समध्ये टाकली.

आज मला हरवलेली पाने छापून जोडली आहेत. पवनानगरच्या जीपमध्ये बसलेले कुणीही मला फोनवर वाचू शकते. मी सारिकाची ऋणी आहे, मॅडमची आहे, पण सर्वांत जास्त त्या काळ्या कडांच्या भावंडाची. म्हणून सांगते, मित्रांनो, पुस्तकावर ब्लेड चालवू नका. आणि तुमच्या घरी एखादे फाटके, अर्धे पुस्तक असेल तर रद्दीत घालण्याआधी ग्रंथालयात दाखवा. दुसरे अर्धे कुठेतरी वाट पाहत असेल.

त्या दिवशी निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, "आबा, सुरुवातीची पानं छापून पाठवते."

"त्ये धाडा. पन आता पाळी तुमची. बैल दारात हाय, तर जुपा."

आबा भिंतीला टेकून बसले. मॅडमनी चष्मा पुसला, माझे पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचू लागल्या.