फळ्यावरचा तिसरा कोन

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. हुमनाबादला अनिलकुमार सरांच्या घरी, मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून मी उभा असतो. कधी काळी मी पुढच्या खोलीत मानाने टांगलेला होतो.

कल्लप्पा सुताराने प्लायवूडचे दोन तुकडे जोडून मला घडवलं. जुन्या सेलमधली काळी पूड रंगात कालवून माझ्यावर तीन हात फिरवले. "असा फळा कॉलेजात बी न्हाई," असं तो म्हणाला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि घरी आले की माझ्यापाशी उभे राहत. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण तीन प्रकारचे असतात आणि वाटेत ते आपला प्रकार बदलतात, अशी बातमी अठ्ठ्याण्णव साली आली. प्रचलित सिद्धांतात त्याला जागा नव्हती. पुढे मेसॉन नावाच्या कणांचंही कळलं. ते फुटताना काही आकडे हिशेबाप्रमाणे येत नव्हते. एक नवा कण मानला तर ही दोन्ही कोडी एकदम सुटतील, असं सरांना वाटायचं. न्यूट्रिनोंची सरमिसळ तीन कोनांनी मोजतात. सरांच्या मांडणीत दोन कोन मोठे होते आणि तिसरा अगदी शून्य. ती मांडणी माझ्यावर उतरली की सर मागे सरून बघत राहायचे.

मेहकरची अंजू तेव्हा एम.एस्सी. करून सरांकडे शिकायला येई. एकदा सर यायच्या आधी तिने माझा उजवा अर्धा भाग बारीक अक्षरांनी भरून टाकला.

"हे काय?" सरांनी दारातूनच विचारलं.

"सर, तिसरा कोन शून्यच कामून धरायलाव? थोडा सोडून बघितलं तर मेसॉनचं बी जुळायलंय."

"एवढी वर्षं मी उगंच घासलो का? आधी शीक, मग शिकव."

सरांनी डस्टर उचललं. अंजूच्या ओढणीवर खडूची पूड पडत राहिली.

त्यानंतर ती आली नाही. सरांच्या आई, पद्माबाई, एकदा म्हणाल्या, "पोरगी यायलीच न्हाई की. कामून रे?"

"पुण्याला नोकरी लागली, अव्वा. कॉम्प्युटरची."

ते खरं होतं. पण आईंकडे न बघता सर माझ्यावर तेच समीकरण पुन्हा लिहीत राहिले.

दोन हजार बारा साली कळलं, तिसरा कोन शून्य नाही. परदेशातल्या प्रयोगात तो नीट मोजला गेला होता. त्या दिवशी सर चपला न काढताच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग त्यांनी पुण्याला फोन लावला.

"अंजू, तुझंच बरोबर होतं. मी पुसून टाकलो. कसं मांडली होतीस ते सांगशील?"

सरांनी खडू हातात धरला होता. पलीकडचं बारीक ऐकू येत होतं.

"सर, आता आठवत न्हाई. ते सगळं सुटलं माझं." मग म्हणाली, "चुकीचं निघालं असतं तरी चाललं असतं, सर. तुमी वाचून तरी बघायचं होतं."

"व्हय," सर म्हणाले. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला.

पुढे कितीतरी दिवस सर तिचं ते गणित माझ्यावर मांडून बघत होते. कोन जुळला की मेसॉन बिघडायचा, मेसॉन जुळला की कोन. तिने ते जुळवलं होतं. निसर्गाला ते मान्य झालं असतं की नाही, मला ठाऊक नाही. ते माझ्याच अंगावर लिहिलं होतं, पण पुसलेलं माझ्याकडे राहत नाही. शेवटी सरांनी मला उतरवलं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

मित्रांनो, माझा रंग उडाला, कडा फुगल्या, त्याचं मला फारसं वाटत नाही. तुमच्या शाळेतल्या फळ्याला ओलं फडकं लावून जपा, एवढं करालच. पण त्यावर दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं, तर डस्टर हातात धरून आधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग पुसा.