बेटाची फेरमोजणी

‘अखेरचं बेट’ या मोबाइलवरच्या खेळाच्या कंपनीनं पाचव्या आवृत्तीच्या वर्षपूर्तीचं पत्रक काढलंय. त्या आवृत्तीतल्या बदलाचं खेळाडूंनी जगभर स्वागत केलं, असं त्यात म्हटलंय. आमच्या मावला गावात काय झालं ते त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. मी हजर होतो म्हणून लिहितो. सगळं समजलं होतं असं मात्र नाही.

या खेळात शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घराघरांतून बंदुका शोधतात आणि एकमेकांना मारतात. शेवटी उरेल तो जिंकतो. जिंकून काय करतो, तर परत विमानात बसतो. आमचे शेजारी अमृतराव, महसूल खात्यातले निवृत्त गिरदावर, वय एकाहत्तर, रोज संध्याकाळी सातला या विमानात बसत. नात वृषाली हैदराबादला शिकायला गेली तेव्हा तिनंच त्यांच्या फोनमध्ये हा खेळ टाकून दिला होता. त्याआधी दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘जेवली का’, ‘जेवली, तुमी?’, ‘आमीबी’, एवढंच. खेळ आला आणि दोघं रोज तासभर बोलू लागली.

अमृतरावांचा नेम असा, की समोरचा शत्रू पळायचं सोडून बघत उभा राही. पण महसुलात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी दोन महिन्यांत आख्ख्या बेटाचा नकाशा कागदावर काढला. दोनशे बारा सर्वे नंबर. कुठल्या नंबरात किती घरं, विहीर कुठे, कुठल्या दाराला कडी नाही, सगळी नोंद. आजोबांनी पत्ता सांगायचा, नातीनं गोळी मारायची. “नंबर एकेचाळीस, पडका गोठा, मांगून घुस.” अशानं ही जोडी पहिल्या दहात येऊ लागली. त्यांच्या पत्नी प्रयागबाई मला हळूच विचारत, की या माणसानं तिकडं वावर घेतलं का काय.

मग पाचवी आवृत्ती आली आणि कंपनीनं आख्खं बेट नव्यानं मांडलं. अमृतराव नेहमीप्रमाणे एकेचाळीस नंबरात उतरले, तर गोठ्याच्या जागी नदी. ते बुडाले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात उतरले, तिथं डोंगर होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा ओसरीवर पसरला, मोबाइल शेजारी ठेवला, मला बोलावलं आणि बराच वेळ आळीपाळीनं दोन्हींकडे बघितलं. मीही बघितलं. उत्तर दिशा कुठं गेली ते दोघांनाही सापडलं नाही.

“नागोराव,” ते म्हणाले, “नकाशा बरोबर आहे. बेट चुकलं.”

चौथ्या दिवशी वृषालीचा फोन आला. ती अगदी मऊपणे म्हणाली, की येत्या रविवारी इचोडा गावात जोड्यांची स्पर्धा आहे, शनिवारपर्यंत नावं द्यायची आहेत. तोवर आबाजींना, म्हणजे आजोबांना, बेट कळलं तर ठीक, नाही तर ती मैत्रिणीचं, रंजीताचं नाव देईल. मग सातची वेळही तिला रंजीतासोबतच सरावाला लागेल. अमृतराव ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला. रात्री जेवले नाहीत असं प्रयागबाई सांगत होत्या.

सकाळी त्यांनी फेरमोजणीचा हुकूम काढला. स्वतःलाच. मी पंच.

आता मोजणीचा कायदा असा, की लगतच्या खातेदारांना बोलावल्याशिवाय धुरा, म्हणजे शेताची हद्द, कायम करता येत नाही. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की त्यांनी खेळातला माइक सगळ्यांना ऐकू जाईल असा चालू केला आणि पुकारा केला: ज्यांचं कुणाचं इथं लागून असेल त्यांनी मोजणीला हजर राहावं. लगतचे ताबडतोब हजर झाले आणि त्यांनी अमृतरावांना मारलं. पहिल्या तासात सहा वेळा. प्रत्येक वेळी ते मला जागा लिहून घ्यायला लावत. ‘येथे अर्जदार पडला, पूर्वेस ओढा.’ माझी वही अशी भरत चालली होती आणि तो पंचनामा नेमका मोजणीचा की मयताचा, हे मी ठरवू शकलो नाही.

गुरुवारी मात्र एक जण गोळी न मारता थांबला. चाचा, हे काय चाललंय, असं त्यानं हिंदीत विचारलं. अमृतरावांनी समजावलं. तो बहुधा बेल्लमपल्लीकडचा असावा. तेलुगूत कुणाला तरी हाका मारू लागला. आणखी चौघं आले. मग आम्ही बघतो तो पाच शत्रू बंदुका खांद्याला अडकवून एका ओळीत धुऱ्यानं चाललेत आणि एक जण म्हणतोय, विहीर इकडं आहे, मी कालच तिच्यात मेलो.

तेवढ्यात वृषाली खेळात शिरली.

“आबाजी, हे काय करून राह्यले तुमी? ते शत्रू आहेत.”

“शत्रू कायचे वं. लगतचे खातेदार आहेत.”

शनिवारपर्यंत एकशेतीस नंबर झाले. त्याच दुपारी कंपनीचा संदेश आला. मी दोनदा वाचून अर्थ लावला: विरोधी खेळाडूंशी संगनमत केल्याबद्दल अमृतरावांना सात दिवस बंदी. बत्तीस वर्षं महसुलात काढून ज्या माणसावर संगनमताचा ठपका आला नाही, त्याच्यावर तो बेटावर आठवड्याच्या आत आला. दाद कुठं मागायची ते संदेशात नव्हतं. खाली फक्त पाच चांदण्या होत्या आणि आमची सेवा कशी वाटली, असं विचारलं होतं. अमृतरावांनी पाचही दाबल्या. वरिष्ठांना नाराज करायची त्यांना सवय नव्हती.

वृषालीनं रंजीताचं नाव दिलं. दुसरं काय करणार होती. रविवारी इचोड्यात त्या अकराव्या आल्या, असं नंतर कळलं.

सोमवारी सात वाजता अमृतराव ओसरीवर बसले होते. मोबाइल शेजारी, पण काळा. विमान त्यांना घेत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून कापसाचं बोललो. त्यांनी ‘हूं’ केलं. मग फोन वाजला. वृषाली होती. ती एका फोनवर खेळत होती आणि दुसऱ्यावरून आजोबांशी बोलत होती. रंजीता तिकडून ओरडत असल्याचंही ऐकू येत होतं.

वृषाली म्हणाली, तिला अन् रंजीताला नेम आहे, पण कुठं जायचं तेच दोघींना कळत नाही. आबाजींचा नकाशा एकशेतीसवर थांबलाय. ती चालत जाईल आणि दिसेल ते सांगेल, त्यांनी लिहून घ्यावं. रोज सातला.

अमृतरावांनी कागद ओढला. पेन्सिल सापडेना, तर माझ्या खिशातला पेन न विचारता काढून घेतला. फोनमधून गोळ्यांचा आवाज आला.

“आबाजी, तीन जण आहेत समोर. मले मारून राह्यले.”

“मारू दे,” अमृतराव म्हणाले. “मरायच्या आधी एवढं सांग, विहीर कोणत्या कोपऱ्यात आहे?”