मंगलाबाईंच्या टाचेखालची दाढ

मी हत्तीची एक जुनी दाढ आहे. किती जुनी, म्हणाल तर या शिवारात कुणी पहिला नांगर धरला, त्याच्याही हजारो वर्षं आधीची.

मित्रांनो, माझा हत्ती नदीकाठचं गवत खाई. गवताबरोबर वाळूही तोंडात जाते आणि दाढा झिजतात. त्याच्या पूर्वजांच्या कळपात काही पिल्लं जरा उंच दाढांची जन्मत. त्यांच्या दाढा उशिरा झिजत, म्हणून ती जास्त जगत आणि त्यांना पिल्लंही जास्त होत. असं पिढ्यान्‌पिढ्या होत माझ्यासारखी उंच, पदरापदरांची दाढ तयार झाली.

हत्ती मेला, गाळात पुरला गेला. माझ्यात हळूहळू खनिजं मुरली आणि मी दगड झाले. कळपातले बाकीचे बहुतेक जण मागे काहीच न ठेवता गेले.

वीस वर्षांपूर्वी ब्राह्मणपुरीच्या मंगलाबाईंनी मला नदीवरून घरी आणलं. मी खरखरीत, म्हणून त्या माझ्यावर टाचा घाशीत. मोरीत राहण्याचा मला कमीपणा वाटला नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

गेल्या वर्षी नवी मोरी बांधायला काढली. त्यांचा मुलगा पितांबर मोरीचा पाया भरायला दगड फोडत होता. त्याने मलाही घेतलं. पहिल्याच घावात माझा कोपरा उडाला आणि आतले पदर उघडे पडले. त्याची बायको संध्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने ते पाहिलं.

"थांबा, फोडू नका. हाऊ दगड नही शे, दाढ शे. हत्तीनी."

पितांबर हसला. "आपला गावमा हत्ती कथाईन उना?"

हत्ती कुठून आला हे कळायला आधी जागा कळायला हवी, म्हणून संध्या सासूकडे वळली. "आत्याबाई, हाई कोठे सापडनी व्हती?"

माझा जीव टांगणीला लागला. ज्या थरातून मी आले, तोच माझा जन्मदाखला. तो हरवला तर माझं वय कोण सांगणार?

मंगलाबाईंनी मला उचलून उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजे मन्हा टाचना दगड हत्तीना दात शे?" मग त्यांनी पदर खोचला. "चाल, दखाडस."

नदीच्या कडेला, पिवळ्या मातीखालचा गोट्यांचा थर त्यांनी बोटाने दाखवला. संध्याने फोटो काढले, कॉलेजात कळवलं. तिथले प्राध्यापक आले, त्यांनी थर मोजला. त्याच थरात एक बरगडीही निघाली.

आता मी शाळेत, कापसाच्या गादीवर आहे. आजचा हत्ती माझा नातू नाही, दूरचा चुलतभाऊ आहे, असं संध्या मुलांना सांगते. मुलं माझे पदर मोजतात. मंगलाबाईही कधी येतात आणि उडालेल्या कोपऱ्यावरून हात फिरवून जातात.

मित्रांनो, नदीकाठी वेगळा दगड दिसला तर फोडू नका, घाईने उचलूही नका. जागा लक्षात ठेवा, जाणत्याला दाखवा. माझ्या शेजारच्या पेटीत ती बरगडी आहे. ती माझ्याच हत्तीची की आणखी कुणाची, हे अजून ठरायचंय. आम्ही दोघी वाट पाहतो आहोत.