काटा खोटं सांगत होता

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. दिसायला अजून बरा आहे. पण एकदा मी एका म्हातारीचा चेहरा घालवून बसलो होतो, ते आधीच कबूल करतो.

माझा जन्म परदेशातला. माझ्या खिडकीत एक बारीक काटा आहे. समोर उजेड किती, ते तो सांगतो. माझ्या कड्या फिरवून काटा मधोमध आणायचा आणि बटण दाबायचं. त्याच्यासाठी माझ्या पोटात एक चपटा सेल लागतो.

१९८८ साली समाधानने मला वापीच्या बाजारातून विकत घेतलं. तो शिरपूरकडचा, वापीजवळच्या सामरवरणी गावात सुताच्या कारखान्यात कामाला. तिथे दिवसभर यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवायची. काटा जागेवर, तर सूत चांगलं. म्हणून काट्याचा शब्द म्हणजे त्याला देववाक्य.

तीन वर्षं आमचं झकास चाललं. मग माझा सेल संपला. शेजारच्या आमली गावातल्या दुकानदाराने दुसराच पुढे केला. "वो वाला अब नहीं आता. ये भी बैठ जाएगा."

बसला खरा, पण त्याचा जोर जास्त होता. माझा काटा सावलीलाही ऊन म्हणू लागला. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? मला डोळा आहे, तोंड नाही. स्वतःच्याच अंगात कोंडल्यासारखं झालं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात समाधानची आई, चिमाबाई, त्याच्या डोकमर्डी गावातल्या भाड्याच्या खोलीवर राहायला आली. तिचा जन्मात एकही फोटो निघाला नव्हता. समाधानने तिला दारात बसवलं आणि काटा मधोमध आणला. तिच्या तोंडावरची सावली मला दिसत होती. थांब, थांब, असं आतल्या आत किती ओरडलो! त्याने बटण दाबलं.

आत उजेड कमी गेला आणि फोटो आले ते काळेकुट्ट. लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. चिमाबाई हसली. "मी काळीच शे रे भाऊ, फोटोना काय दोस?"

ती गावी गेली. समाधानने मला चामड्याच्या कव्हरात घालून लोखंडी ट्रंकेत टाकलं आणि कुलूप लावलं. चार वर्षं मी अंधारात पडून होतो. अंधाराचं मला फार वाटलं नाही. ती म्हातारी स्वतःला दोष देऊन गेली, ते मात्र सोसवत नव्हतं.

पंचाण्णवच्या ऑक्टोबरात कारखान्यातले सुधाकर काका खोलीवर आले. यंत्रांचे काटे तपासायचं काम त्यांचंच. समाधानने ट्रंक उघडून मला त्यांच्या हातात दिलं. "काका, हा बाद झाला. काटा बरोबर दाखवतो, तरी फोटो काळे."

"काटा बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं?" काका म्हणाले. "कारखान्यातला प्रत्येक काटा मी महिन्याला तपासतो. हा तू कधी तपासलास?"



जुना सेल मिळत नव्हताच, म्हणून काकांनी त्याच जास्त जोराचा नवा सेल घातला. भर दुपारी मला अंगणात नेलं. कडक उन्हात कोणते आकडे लावायचे ते फिल्मच्या खोक्यावर छापलेलं असतं, तेच माझ्या कड्यांवर लावले. "भिंतीकडे नको धरू, पांढरी भिंत फसवते. गवताकडे धर." काटा मधोमध राहायला हवा होता, तो पार वर गेला. मग काकांनी फिल्मच्या वेगाची चकती शंभरावरून हळूहळू चाळीसवर आणली; आकडा जितका कमी, तितका जास्त उजेड मी आत घेणार. काटा मधोमध येऊन थांबला. "एवढं खोटं बोलतो हा. चकती इथेच ठेव."

दिवाळीत समाधान मला घेऊन शिरपूरला गेला. चिमाबाई बसायला तयार होईना. "नको रे, रीळ फुकट जाई." त्याने हाताला धरून बसवली आणि बटण दाबलं.

धुऊन आलेला फोटो घेऊन तो पुन्हा गावी गेला, तेव्हा गळ्यात मीही होतो. चिमाबाईने फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. मग फोटोतल्या गालावरून बोट फिरवत म्हणाली, "हाई ते मनी माय शे!"

तिची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि आज स्वतःच्या चेहऱ्यात तिला ती दिसली. समाधान रडला. मला रडता येत नाही.

मित्रांनो, चेहऱ्याला दोष देण्याआधी काटा तपासत जा. माझ्या पोटात आजही तसलाच सेल आहे आणि माझा काटा आजही खोटंच सांगतो. पण किती खोटं, ते आता माझ्या माणसाला माहीत आहे.